सुरगाठ आणि निरगाठ

गाठींचे दोन वर्ग आपल्या मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवले आहेत. एक सुरगाठ आणि दुसरी निरगाठ. टोक ओढताच जी मोकळी होते ती सुरगाठ. ओढावे तितकी जी अधिकच आवळत जाते ती निरगाठ. लेंग्याच्या नाडीला घाईच्या वेळी निरगाठ बसली म्हणजे मनुष्याची कशी त्रेधा उडते, हे आपणांस सांगावयास नको. गोठ्यातील जनावराचे दावे मात्र जाणता शेतकरी सुरगाठीनेच खुंट्याला अडकवितो. हेतू हा की, रात्री आग लागली, सर्प निघाला, तर एका हिसक्यासरशी मुके जनावर मोकळे व्हावे. जनावराने ओढले तर गाठ सुटता कामा नये आणि धन्याने ओढले तर अडता कामा नये, असे दुहेरी काम त्या साध्या गाठीकडे असते.

घरात किंवा गोठ्यात गाठीवर येणारा भार बेताचाच असतो. परंतु ज्या दोरावर टनावारी ओझे लोंबकळते, ज्याच्या आधारावर भरलेले गलबत धक्क्याला उभे राहते, त्या दोराची गाठ भार उतरल्यावर सुटावी कशी? हा प्रश्न ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या रोज उभा राहिला आणि रोज सोडविला गेला, अशी एक जागा आपल्या मुंबईतच आहे. ती म्हणजे रे रोड. आज त्या जागेच्या निमित्ताने गाठींच्या या विद्येचा थोडासा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे.

रे रोड हे नाव लॉर्ड रे यांचे. ते १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. येथील रेल्वे स्थानक १९१० साली उघडले, आणि तेव्हा कुर्ल्याहून येणारी गाडी येथेच थांबत असे. पुढे १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली, तीही याच मार्गाने. स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे वळले की, समुद्र हटवून मिळविलेली सपाट जमीन लागते. ही भूमी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टची. ही संस्था १८७३ साली स्थापन झाली. तिने १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक अशा मोठ्या गोद्या उघडल्या. आणि त्यांच्या उत्तरेस माझगावपासून शिवडीपर्यंत लहान लहान धक्क्यांची रांग उभी राहिली.

मुंबईच्या बोलीत 'बंदर' हा शब्द अशा एकेका धक्क्यालाही लावतात. त्यामुळे प्रत्येक बंदराचे नाव म्हणजे तेथे उतरणाऱ्या मालाची पाटीच. लाकूड उतरे ते लकडी बंदर, कोळसा उतरे ते कोळसा बंदर, गवत उतरे ते हे बंदर. त्यांना लागूनच दारूखाना. हे नाव ऐकून कोणी भलताच अर्थ घेऊ नये. येथील दारू म्हणजे बंदुकीची दारू होय.

आगबोटींसाठी बांधलेल्या गोद्यांना दरवाजे असतात. त्यांच्या आत पाण्याची पातळी राखता येते. या बंदरांना ती सोय नव्हती. येथे सत्ता भरती-ओहोटीची. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत सुमारे बारा फुटांचे अंतर पडते. मचवा, पडाव, फत्तेमारी अशी शिडाची गलबते भरतीच्या पाण्याबरोबर आत येत आणि धक्क्याला लागत. ओहोटी लागली की तीच गलबते सहा तासांत बारा फूट खाली जात, आणि कित्येकदा चिखलावर बसत. सकाळी सैल बांधलेला दोर दुपारी तारेसारखा ताणला जाई. त्यावेळी गाठ सोडून दोर लांबविता आला नाही, तर खुंटा उपटे, कठडा तुटे, नाही तर दोर तुटे. उलट पक्षी, पुढच्या भरतीला निघावयाचे आणि गाठ सुटत नाही म्हणून खोळंबा झाला, तर ती भरती गेली. पुढच्या पाण्याची बारा तास वाट पाहणे आले.

यावर कोणी म्हणेल, गाठ सुटत नसेल तर कोयत्याने कापावी. घरातल्या सुतळीच्या बाबतीत हे ठीक आहे. परंतु नाखव्याच्या दृष्टीने दोर ही मालमत्ता असते. एकदा कापलेला दोर वाव-दोन वाव आखूड होतो. जोडला तर जोडाच्या जागी अशक्त होतो. शिवाय ताणलेला दोर अचानक कापणे हे प्राणावर बेतणारे काम आहे. तुटलेले टोक चाबकासारखे उलटते आणि वाटेत येईल त्याचा हातपाय घेऊन जाते. म्हणून बंदरावरच्या मनुष्याला गाठ बांधतानाच ती सुटण्याचा विचार करावा लागे.

आता लकडी बंदरावरचेच काम घेऊ. मलबारच्या व कोकणच्या किनाऱ्यावरून आलेला सागवानाचा ओंडका उचलावयाचा किंवा ओढावयाचा आहे. अशा कामासाठी खलाशी लोकांत जगभर एक गाठ रूढ आहे. तिला गाठ म्हणणेही जड जाते, इतकी ती साधी आहे. ओंडक्याभोवती दोराचा एक वेढा घालावा, मोकळे टोक मुख्य दोराला वळसा घालून मागे आणावे, आणि वेढ्याच्या अंगालाच तीन-चार वेळा पिळून सोडून द्यावे. बस्स! दोर ओढला की ते पीळ ओंडका आणि वेढा यांच्यामध्ये दाबले जातात आणि घट्ट बसतात. जितका भार अधिक, तितकी पकड अधिक. ओंडका खाली टेकला, दोर सैल पडला, की दाब संपतो आणि पीळ बोटांनी उलगडतात. या गाठीत बंधन निर्माण करतो तो भारच. भार गेला की बंधनही गेले. मात्र भार अधूनमधून सैल पडणार असेल, तर हीच गाठ दगा देते. ओंडका ओढण्यास ती उत्तम. हेलकावे खाणारी होडी बांधण्यास निरुपयोगी.

जेथे न आवळणारा आणि न निसटणारा फास हवा असतो, तेथे दर्यावर्दी लोक जी गाठ वापरतात, तिला इंग्रज खलाशी 'बोलाइन' म्हणतात. चौकोनी शिडाची वाऱ्याकडची कड पुढे ताणून धरणाऱ्या दोराचे हे नाव. त्यावरून ते गाठीलाही मिळाले. कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२७ साली प्रसिद्ध केलेल्या नाविक व्यवसायावरील पुस्तकात तिचा उल्लेख आहे, आणि शीड फाटेल पण ही गाठ निसटणार नाही, अशा आशयाची ग्वाही त्याने दिली आहे. ती बांधण्याची रीत अशी: दोरात एक लहान कडी करावी, मोकळे टोक त्या कडीतून वर काढावे, मुख्य दोराच्या मागून फिरवावे आणि त्याच कडीतून पुन्हा खाली आणावे. श्रोत्यांनी हाताशी एखादी दोरी घेऊन हे करून पाहिले, तर माझ्या दहा वाक्यांचे काम एका मिनिटात होईल.

ही गाठ भार सोसूनही सुटते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. साधी गाठ घ्या. तिच्यातील प्रत्येक वळण भाराच्या ओढीने आवळते; सैल राहील असा भागच उरत नाही. बोलाइनमध्ये मुख्य दोरावर जेव्हा पूर्ण भार येतो, तेव्हा फासाच्या दोन बाजूंत तो निम्मा-निम्मा वाटला जातो. मुख्य दोरामागून फिरलेली जी कमान असते, तिच्या एका बाजूला हा निम्मा भार असतो, आणि दुसऱ्या बाजूला केवळ कडीच्या चिमटीत धरलेले मोकळे टोक. त्यामुळे ती कमान पूर्ण भाराने कधीच आवळली जात नाही. भार उतरल्यावर अंगठ्याने ती कमान मुख्य दोरावरून पुढे लोटावी. कडीला ढील मिळते आणि सारी गाठ उलगडते. गाठीला एक तरी अंग असे हवे की, जे भाराखाली चेंगरून जात नाही, हा या विद्येतील पहिला नियम. दोन जाड दोरखंड एकमेकांस जोडण्यासाठी नाविक जी पसरट, जाळीदार गाठ वापरतात, तिचेही मर्म हेच आहे. तिच्यात दोर मोठ्या वळणांनी एकमेकांवरून जातात, म्हणून टनावारी ओढ सोसल्यावरही ती जाम होत नाही.

येथे एका मौजेच्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. बोलाइनचा फास क्षणभर विसरून गाठीचा नुसता गाभा पाहिला, तर तो आपल्या कोळी बांधवांच्या जाळ्यातील गाठीसारखाच दिसतो. हाताने विणलेल्या जाळ्याच्या प्रत्येक घरात तीच कमान आणि तोच वेढा. आणि रे रोडच्या पश्चिमेस, लालबाग-परळच्या गिरण्यांत, साचाखात्यात तुटलेला धागा जोडताना विणकर जी इवलीशी गाठ बोटांच्या चिमटीत मारीत, तिचीही घडण तीच. समुद्रावरचा नाखवा, होडीतला कोळी आणि गिरणीतला विणकर हे तिघे एकाच आकाराला निरनिराळ्या वाटांनी पोहोचले. पण गंमत अशी की, जाड दोरखंडात जी गाठ सहज सुटते, तीच बारीक सुतात जवळजवळ कायमची बसते. कारण तेथे बोट घालावयास कमानच सापडत नाही. विणकराला ती सुटावयास नकोच असते. तेव्हा गाठ सुरगाठ ठरेल की निरगाठ, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही. दोराची जाडी, त्याचा पोत आणि त्यावर आलेला भार, या तिन्हींचा त्यात वाटा आहे.

दोराच्या पोताचे महत्त्व मुंबईच्या पावसाळ्यात विशेष कळे. काथ्या, ताग, अंबाडी, मनिला, हे सारे वनस्पतिज दोर. पाणी प्याले की ते फुगतात आणि लांबीने आखडतात. श्रावणातल्या एका सरीने कोरड्या दोरातली सुरगाठ निरगाठ होऊन बसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचे व इतर कृत्रिम धाग्यांचे दोर आले. ते भिजून सहसा तितके आखडत नाहीत ही सोय झाली. पण ते गुळगुळीत असल्यामुळे जुन्या गाठी त्यांत निसटू लागल्या. बोलाइनचे टोक आणखी एकदा गुंतवून पक्के करण्याची खबरदारी त्यामुळे अधिकच आवश्यक झाली.

आता दुसरा एक भेद सांगतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. भार उतरल्यावर सुटणे आणि भार असतानाच सुटणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बोलाइन भार उतरल्यावर सुटते. ताणलेल्या अवस्थेत ती सुटत नाही. ओहोटीने खाली चाललेले गलबत मात्र आपला भार काढून घेण्यास थांबत नाही. म्हणून धक्क्यावरच्या खुंट्याला गलबत बांधताना आधी दोराचे पूर्ण वेढे घालतात आणि मग टोकाला साध्या अडी मारतात. भार घेतात ते वेढे. गणिताने पाहिले तर दोर व खुंटा यांचा घर्षणांक ०.३ धरल्यास एका पूर्ण वेढ्याने ओढ सुमारे साडेसहा पटींनी कमी होते. दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक. तीन वेढ्यांनी अडीचशे पटींहून अधिक. म्हणजे एक टनाची ओढ दोन वेढे घातल्यावर पंचवीस किलोच्या आत येते, आणि एकटा मनुष्य ती हाताने धरू शकतो. अडी काढाव्यात, दोर हळूहळू सोडावा, गलबत खाली उतरू द्यावे आणि पुन्हा अडी माराव्यात. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञाने मांडले; परंतु खलाशाचे हात ते त्याच्याही आधीपासून जाणत होते.

चुकीच्या गाठीची किंमत काय पडते, याविषयी एका जाणकाराचे मत सांगण्याजोगे आहे. क्लिफर्ड ॲशले या अमेरिकन चित्रकाराने आयुष्यभर गाठी गोळा केल्या आणि १९४४ साली त्यांचा एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात क्रमांक घातलेल्या ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. आपण जिला सरळ चौकोनी गाठ म्हणू, जी पुडक्यावर मारतात, तीच गाठ दोन दोर जोडण्यासाठी वापरल्यामुळे जितकी माणसे मेली वा जायबंदी झाली, तितकी इतर सर्व गाठींच्या अपयशाने मिळूनही झाली नसतील, असे त्याने त्यात लिहून ठेवले आहे. कारण उघड आहे. त्या गाठीचे एकच टोक हिसकले की ती उलटते आणि दोर निसटतो. शीड आवळून बांधताना हा गुण. भार जोडताना हाच दोष.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सह्याद्रीच्या कड्यांवर सापडते. गिर्यारोहक कमरेला दोर बांधताना बहुधा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ पसंत करतात. एखादा जोराचा झटका बसला की ती इतकी आवळते की, सोडताना नखे दुखतात. तरीही ती निवडतात, कारण ती बरोबर बांधली आहे की नाही हे सोबत्याला दुरूनही दिसते आणि ती आपोआप सैल होत नाही. सहज सुटणे हा गुण खरा. पण तो किती मोठा, हे काम पाहूनच ठरवावयाचे असते.

या विद्येच्या इतिहासात खेदाची एक बाजू आहे. इंग्रज खलाशांच्या गाठींवर ग्रंथ झाले. आपल्या खलाशांच्या मिश्र भाषेचा कोशही थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास छापला. परंतु बंदरावर ३९२ पौंडी रुईच्या गासड्या, कोळशाच्या टोपल्या आणि सागवानाचे ओंडके हलविणाऱ्या मजुरांची विद्या कोणी लिहून घेतली नाही. टोळीत नवा आलेला पोऱ्या जुन्याच्या हाताकडे पाहून शिके, आणि जुना गेला की त्याच्याबरोबर त्याची हातोटीही जाई. त्याच्या चुकीची शिक्षा मात्र त्याला तत्काळ मिळे. यारीखाली उभा असलेला मनुष्य आणि त्याच्या डोक्यावरचे ओझे यांच्यामध्ये एक गाठच असे.

या माणसांच्या जिवाची जबाबदारी कायद्याने घ्यावी, हा विचार उशिरा आला. गोदीकामगारांच्या अपघातांविषयी जिनिव्हा येथे १९३२ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अनुसरून हिंदुस्थानात १९३४ साली कायदा मंजूर झाला. पण तो अंमलात यावयास १९४८ साल उजाडले. त्या करारातील दोन कलमे आपल्या विषयाची आहेत. साखळी आखूड करण्यासाठी तिला गाठ मारू नये, हे एक. तारेच्या दोराला डोळा करावयाचा तर तो गुंफून करावा, आणि त्यात अखंड पेडाचे किमान तीन व निम्म्या तारा कापलेल्या पेडाचे दोन टाके असावेत, हे दुसरे. तागाच्या दोरात शोभणारी गाठ लोखंडात प्राणघातक ठरते; तेथे कडी गाठीत वाकते आणि भार येताच तुटते, हे तोवर अनेक जिवांच्या मोलाने कळून चुकले होते. पुढे १९८६ साली गोदीकामगारांच्या सुरक्षिततेचा अधिक व्यापक कायदा झाला.

तोवर बंदरांचेही रूप पालटले होते. शिडाची गलबते विरळ झाली. लकडी बंदर व दारूखाना या भागात जुनी जहाजे मोडण्याचा धंदा वाढला. आपल्या नौदलाचे पहिले विमानवाहू जहाज 'विक्रांत', जे १९६१ साली सेवेत आले आणि १९९७ साली निवृत्त झाले, तेही २०१४ साली येथेच मोडावयास घेतले गेले. खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि पेट्यांतून म्हणजे कंटेनरांतून येणाऱ्या मालाने दोराच्या फासाची गरजच संपविली.

दोर गेला, तरी त्याने शिकविलेला धडा गेला नाही. कंटेनर एकमेकांवर रचताना त्यांच्या कोपऱ्यांत जे कुलूप बसवितात, ते पाव फेरा फिरविला की धरते आणि उलट पाव फेरा फिरविला की सोडते. जहाज ओढणाऱ्या टगबोटीच्या आकड्याला भार असतानाच दोर सोडून देणारा खटका असतो. कारण मोठ्या जहाजाने टगबोटीला आडवे ओढले आणि दोर वेळीच सुटला नाही, तर टगबोट क्षणात उलटते. तेलवाहू जहाजे ज्या धक्क्यांना लागतात, तेथेही आगीच्या प्रसंगी जहाज झटकन मोकळे करता यावे म्हणून असेच आकडे बसवितात. गोठ्यातल्या दाव्याचीच ही पोलादी सुरगाठ नव्हे काय?

श्रोते हो, 'तुटेपर्यंत ताणू नये' असे आपण म्हणतो. बंदरावरच्या माणसाला ताणल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याचा धंदाच ताणाचा. त्याने आपल्यापुरता वेगळा नियम केला: ताण सोसून झाल्यावर दोर जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे. यासाठी त्याने बांधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. भार किती येणार? तो मध्येच सैल पडणार की अखंड राहणार? आणि सोडण्याची वेळ आली तेव्हा भार उतरलेला असेल, की अंगावर असेल? ट्रंकेला दोरी बांधताना, अंगणात वाळवणाची दोर ताणताना, छपरावर ताडपत्री घालताना हेच तीन प्रश्न आपणही मनाशी विचारले, तर घरातला कोयता पुष्कळ वेळ फळीवरच राहील आणि दोरही अखंड राहील.